परतीचं वजन

गोल्फचं मैदान बंद पडलं, त्या लिलावात
मी दोन चाकं घेतली, चार डॉलरला.
शाळेच्या वर्कशॉपमध्ये, सुट्टीच्या दिवशी,
जुन्या लष्करी खाटेच्या नळ्या कापून
त्यांच्यावर सांगाडा जोडला.
"हे काय?" वेइक्को म्हणाले.
आई गेल्यापासून मी वडिलांना नावानंच हाक मारते.
"गाडा. हरणासाठी."
"हरीण ओढायचं असतं.
दोर खांद्यावर, शिंगं मुठीत,
आणि दर शंभर पावलांवर थांबून एक शिवी."

डॉक्टरांनी ओढणं बंद केलंय
हा विषय दोघांनीही काढला नाही.

नोव्हेंबरची पंधरा. पहाटे पाच.
मिशिगनच्या या वरच्या टोकाला
शाळासुद्धा बंद असते आज.
गाड्यावर बंदूक, दोर, घडीचं स्टूल,
थर्मास, राय ब्रेडची पुरचुंडी,
आणि क्लेरन्सनं दिलेली हात शेकायची पाकिटं,
जी वेइक्को कधीच फोडत नाहीत.
डावं चाक कुरकुरत होतं.
"झालं, साऱ्या काउंटीला कळलं आपण आलोय."
मी ब्रेडवरचं लोणी बोटावर घेतलं,
आसाला चोपडलं.
चाक गप्प झालं. वेइक्कोही.

सीडरच्या दलदलीपलीकडे
साडेनऊला एकच आवाज झाला,
आणि मग बराच वेळ बर्फ फांद्यांवरून सांडत राहिलं.
आठ टोकांचा नर.
त्यांनी हातमोजे काढले, सुरी काढली,
पोट उघडलं तेव्हा वाफ निघाली
तशी सकाळी चुलीवरच्या कॉफीतून निघते.
आतडी डोमकावळ्यांना ठेवली.
टॅग शिंगाला बांधला, दोनदा गाठ मारून.
मग उठताना
त्यांचा पाय दोन मुळांच्या मधे गेला
आणि शरीर दुसरीकडे.

फांदी मोडली असं मला वाटलं.

मैलभर वाट. दिवस आखूड.
गाडा एकच.
"आधी हरीण," ते म्हणाले. "मी बसतो इथे."
आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना शिवी दिली,
फिनिश भाषेत, त्यांनीच शिकवलेली.
त्यांनी आपला नारिंगी कोट उतरवला,
हरणावर पांघरला, कडा नीट खोचल्या.
माणसाच्या वासाला कोल्हे बिचकतात म्हणे.
माझा कोट त्यांनी घातला,
बाह्या मनगटापर्यंतसुद्धा पोचेनात.
मी त्यांना खाटेच्या नळ्यांवर आडवं केलं,
हरणासाठी आणलेल्या पट्ट्यांनी बांधलं,
बंदूक रिकामी करून शेजारी ठेवली.
"गाड्याबरोबर नळ्याचीही यात्रा," मी म्हटलं असतं,
पण दम नव्हता.

वर आकाश पाहत ते चालले होते, पाय पुढे.
उताराला "हळू," चढाला काहीच नाही.
एकदा म्हणाले, "इथून आकाश फारच मोठं दिसतं."
एकदा, "हरणाला हे दिसत नाही,
त्याचं डोकं लोंबत असतं."
दलदलीवरच्या फळ्यांशी आम्ही अडकलो.
मी दोर खांद्यावर घेतला,
शंभर पावलं मोजली,
थांबले.

दुसऱ्या दिवशी क्लेरन्स आणि मी पुन्हा गेलो.
कोट तसाच होता, बर्फानं कडक,
एका खिशाशी चोचींच्या खुणा.
हरीण लाकूड झालं होतं.
आणताना मी वाट बघत आले, म्हणजे वाटच बघत:
चाकांच्या कालच्या दोन रेघा, जाताना उथळ,
परतताना जरा खोल.
त्यांच्याच शेजारी आजच्या.
आजच्या कालच्यापेक्षा खोल गेल्या होत्या,
भुसभुशीत जागी तर चांगल्या दोन बोटं.
क्लेरन्सनंही पाहिलं.
तो चाकाकडे वळला, उगाच,
हवा तपासल्यासारखं करत.

स्वयंपाकघरात वेइक्को,
प्लास्टरमधला पाय स्टुलावर,
हात शेकायचं एक पाकीट शेवटी फोडलेलं.
"काट्यावर घातलंत का? किती भरलं?"

क्लेरन्स टोपीतला बर्फ झटकत राहिला.

"तुमच्यापेक्षा कमी," मी म्हटलं,
आणि सुरीला धार लावायला घेतली.